ठेक्यावर तोडलेलं लग्न

त्या सात मिनिटांच्या व्हिडिओबद्दल आजही कुणी माझं कौतुक केलं की माझं डोकं फिरतं. सेलूत, जिंतुरात अशी माणसं अजून भेटतात. "ताई, त्या मुक्या जोडीच्या लग्नाचा व्हिडिओ तुमीच केलता ना? लय भारी केलता." मी हो म्हणते आणि विषय बदलते. कधी कधी बदलत नाही. मग समोरच्याला कळत नाही, या बाईला एकदम झालं काय.

मी वालूरची. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं घरी राहिले, सगळ्यांबरोबर कापूस वेचला, आणि मग सेलूच्या एका फोटो स्टुडिओत एडिटिंगला लागले. पुढे फोटो काढायची खोली, मागे पत्र्याची एक खोली, तिथं माझा कॉम्प्युटर. लग्नांना मालक आणि त्याचे दोन कॅमेरावाले जायचे. मला कधी नेलं नाही. "तुला कशाला दगदग, तू हितं बस," असं मालक म्हणायचा, आणि मलाही ते बरंच वाटायचं. माणसं माझ्याकडं हार्ड डिस्कमधून यायची. सहा वर्षांत मी शेकडो नवऱ्या बघितल्या, त्यांच्या डोळ्यांखालचे डाग पुसले, पण एकीशीही बोलले नाही.

काम मला मालकानंच शिकवलं. तो माझ्या मागं उभा राहून टेबलावर पेन ठोकायचा. "ठप म्हणलं की शॉट तोड. ठप, तोड. गाण्याचा ठेका सोडू नको, बाकी कुणी काय बगत न्हाई." त्याची रीत सरळ होती. आधी लग्नातला खरा आवाज बंद करायचा, म्हणजे भटजी, पाहुणे, पोरांची रडारड सगळं एका झटक्यात गप्प. मग गाणं टाकायचं. गाण्याच्या आवाजाची रेघ स्क्रीनवर दिसते, तिची टोकं जिथं जिथं वर येतील तिथं खूण करायची आणि दोन खुणांच्या मध्ये माणसं बसवायची. अक्षता, ठप. हार, ठप. नवरीची करवली, ठप.

वर्षभरात मला खुणांची गरज उरली नाही. कुठलंही गाणं दोनदा ऐकलं की कुठं तोडायचं ते बोटांनाच कळायचं. "आमची ताई डोळे मिटून तोडती," असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचा. मला त्याचा गर्व होता. एडिटिंगमधली लय म्हणतात ती हीच, आणि ती आपल्याला आली, असं मी धरून चालले होते.

ते लग्न चारठाण्याचं होतं. नवरी मेंढरं राखणाऱ्या घरातली, जन्मापासून ऐकू न येणारी, परभणीच्या निवासी शाळेत शिकलेली. नवरा त्याच शाळेतला, तिच्या दोन वर्ग पुढचा, त्यालाही ऐकू येत नाही. परभणीत फ्लेक्स छापायच्या दुकानात कामाला. मांडवाच्या एका बाजूला शाळेतले वीस-पंचवीस मित्रमैत्रिणी होते आणि ते सगळे हातांनी बोलत होते. फुटेज बघून मी हरखलेच. एवढे हात, एवढे चेहरे, एवढी हालचाल मला कुठल्याच लग्नात मिळाली नव्हती. हात वर गेला, ठप. बोटं उघडली, ठप. एका ठिकाणी नवरी मैत्रिणीला काहीतरी भराभर सांगत होती, ते मी निम्म्या वेगानं केलं, गाण्याच्या हळव्या कडव्यावर ते फार शोभून दिसलं. दोन शॉटमध्ये ती उजवीकडं बघत होती, मला डावीकडं हवी होती, म्हणून मी ते आरशातल्यासारखे उलटे केले. आम्ही सर्रास करतो असं, कुणाला कळत नाही.

मालकानं तो व्हिडिओ बघितला, शेजारच्या मोबाइलवाल्यालाही बोलावून दाखवला, आणि सुरुवातीला बासरी टाकायला लावून स्टुडिओच्या पानावर चढवला. वर लिहिलं, "मुक्या प्रेमाची गोष्ट". बघणारे वाढत गेले. मालक दिवसातून चारदा मागच्या खोलीत येऊन मला आकडा सांगायचा.

आठ-दहा दिवसांनी एका दुपारी ती स्वतः आली. सोबत तिची आई होती. आईच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आम्ही दिलेला पेनड्राइव्ह. तिनं तो टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे कोणी तोडलं?"

मी म्हटलं, "चालत नाही का? दुसरा देते."

"पेनाचं न्हाई म्हणायले मी. माझ्या लेकीचं बोलणं कोणी तोडलं?"

मुलीनं माझ्याकडं बोट दाखवलं. कुणी न सांगता. मग तिनं फोनवर टाइप करून माझ्या तोंडासमोर धरलं: लग्न माझं. बोलणं अर्धं अर्धं. का?

पहिल्यांदा मला काय वाटलं ते लपवत नाही. मला राग आला. सगळा तालुका वाखाणतोय आणि हिला चूक दिसते. ऐकू येत नाही तर हिला ठेका काय कळणार, असं माझ्या मनात आलं. मी ते बोलले नाही एवढंच. मालक बोलला. "मावशी, तिला ऐकायला येत न्हाई, तिला गाण्याचं काय कळतंय? लोकाला लय आवडायलंय."

"लोकाचं लगीन व्हतं का?" आई म्हणाली.

मुलगी आमच्या ओठांकडं बघत होती. तिनं आईला खुणेनं बोलायला सांगितलं. आईनं सुरू केलं, "आमी सकाळी घरून निघा" आणि मुलीनं आईच्या तोंडावर हात दाबला. काढला. "यस्टीत जागा" पुन्हा दाबला. काढला. "हिचा बाप तर" पुन्हा. तसं तिनं पाच-सहा वेळा केलं, ठेक्यात, बरोबर माझ्या ठेक्यात, कारण ती माझ्याकडं बघून दुसऱ्या हातानं टेबल ठोकत होती. आणि मग तिनं तोच हात माझ्याकडं वळवला.

तेव्हा मला कळलं. सात मिनिटांत मी तिचं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. तिचंच काय, त्या मांडवात हातांनी बोलणाऱ्या एकाही माणसाचं नाही. आणि जे उलटे केलेले शॉट होते, त्यात ती डावखुरी झाली होती. आईनं सांगितलं, तिच्या मैत्रिणी तिला विचारत होत्या, हे तुझ्यासारखं दिसतंय पण तू नाहीस, कोण आहे ही.

मालकाला हे पटलंच नाही. तो हसून म्हणाला, एवढं बारीक कोण बघतं. आई स्टुडिओच्या पायरीवर जाऊन बसली. "मंग मी मेंढरं आणून हितंच बसिवते. काम व्हईपस्तोर." तिनं हे इतक्या शांतपणे सांगितलं की मालकाला ते खरं वाटलं. "करून दे तिला काय पायजे ते," तो मला म्हणाला. "गाणं बदलून दे आन् मोकळी हो."

तिसऱ्या दिवशी ती एकटी आली, सकाळच्या गाडीनं. माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि पहिलं काम केलं ते म्हणजे स्पीकरची वायर उपटून काढली.

आवाजाशिवाय मी कधी काम केलंच नव्हतं. स्क्रीनवर ती आणि तिची मैत्रीण बोलत होत्या आणि कुठं तोडायचं हे मला काही केल्या कळेना. बोटं नुसती माउसवर पडून राहिली. सहा वर्षं ज्याला मी माझी कला म्हणत होते ती गाणं बनवणाऱ्या कुणा तिसऱ्याच माणसाची होती, मी फक्त त्याच्या मागं मागं चालत होते. हे समजलं आणि मला तिचाच राग आला, वायर उपटली म्हणून.

तिनं माझ्या मनगटावर बोट ठेवलं. फुटेज चालू होतं. वाक्य संपलं की ती बोट दाबायची. पुन्हा सुरू झालं की सैल सोडायची. दुपारपर्यंत आम्ही एवढंच केलं. मग मला जरा जरा दिसायला लागलं. हात उचलला जातो, बोलतो, आणि बोलून झालं की खाली येतो, मांडीवर नाहीतर पोटाशी. मी प्रत्येक शॉट हात खाली आल्यावर तोडला. पाच मिनिटं तशी जोडून तिला दाखवली. तिनं मोठी जांभई दिली आणि शाळेतल्या पोरासारखी हाताची घडी घालून ताठ बसली. खरंच तसंच झालं होतं. एक बोलतो, थांबतो, दुसरा बोलतो, थांबतो. पाठांतर म्हणून दाखवल्यासारखं.

मी पेन फेकलं. तिला म्हटलं, "तूच कर मग." तिनं ओठ वाचले आणि तितक्याच रागानं टाइप केलं: ऐकणारा बघ. बोलणारा नाही.

मी पुन्हा बघितलं, या वेळी मैत्रिणीच्या तोंडाकडं. नवरीचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच मैत्रिणीच्या भुवया वर जात होत्या. गालावर हसू यायला लागलेलं, हात मांडीवरून उचललेला. तिला कळलं होतं. ज्या क्षणी तिला कळलं त्या क्षणी मला तिच्याकडं जायला हवं होतं, हात खाली यायची वाट न बघता. आणि दुसऱ्या एका ठिकाणी हात खाली आल्यावरही कुणीच काही बोलत नव्हतं, नवरी नुसती बघत राहिली होती, तिथं मला थांबायला हवं होतं, माझ्या जिवावर आलं तरी. मनगटावरचं बोट आता क्वचितच दाबलं जात होतं. दुसऱ्या दिवशी तिनं ते काढूनच घेतलं. कट चुकला की ती फक्त पापणी मिटायची. तिला चूक दिसायची तशी मलाही दिसायला लागली, आधी तिच्यानंतर, मग तिच्याबरोबर.

त्याच दिवशी मी तिला तो शॉट दाखवला, हळव्या कडव्यावर निम्म्या वेगानं टाकलेला, ज्यावर लोकांनी बदामाची चित्रं पाठवली होती. विचारलं, इथं मैत्रिणीला काय सांगतेस? ती बराच वेळ टाइप करत होती. मग फोन दिला.

काल मेंदी. चार तास हात बंद, मी गप्प. आज कॅमेरावाला सारखं हात खाली, हात खाली. तोंड झाकतं म्हणतो. फोटो चांगला पाहिजे. माझं लग्न, मीच गप्प. त्याला एक चापट मारू का.

मी तो मजकूर तीनदा वाचला. म्हणजे ती मुलगी मांडवात चिडून फणफणत होती आणि मी तिचा वेग निम्मा करून तिच्यावर ते हळवं कडवं चढवलं होतं. मग मी मालकाचं मूळ फुटेज लावलं, पहिल्यांदाच त्यातल्या खऱ्या आवाजासकट, हेडफोन घालून. तो आवाज मी आजवर न ऐकताच बंद करत आले होते. त्यात मालक दर दोन मिनिटांनी ओरडत होता. "हात खाली. ए, सांगा तिला, हात खाली. मावशी, धरा तिचे हात." आणि एका शॉटमध्ये खरंच कुणीतरी मागून तिचे दोन्ही हात धरले होते, फोटो होईपर्यंत. ती ते आवाज ऐकू शकत नव्हती. मी ऐकले. तिला मी ते सांगितलं नाही. तिला ते माहीतच होतं.

संध्याकाळी घरी गेले ती वेगळ्याच गोष्टीनं पेटून. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आमच्याच स्टुडिओनं शूट केलं होतं. पाठवणीच्या वेळी बाबांनी तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, चांगलं मिनिटभर. बाबा एरवी मुलींशी बोलत नाहीत. तो शॉट मीच एडिट केला होता. सनईवर. बाबांचे ओठ हलतात, ठप, बहिणीचा पदर, ठप. दुसऱ्या दिवशी मालकाला विचारलं, मूळ फुटेज आहे का. तो म्हणाला, "कवाच उडवलं. डिस्कमधी जागा नको का व्हायला?" बहिणीला फोन केला. ती म्हणाली, मी रडत होते, मला काय ऐकू येणार. बाबांना विचारलं तर म्हणाले, "असंल काहीतरी. नीट राहा म्हणलं असंल. आता काय आठवायलंय मला." त्यांना त्याचं काहीच नव्हतं. मला मात्र होतं. एवढा एक आवाज माझ्या हातात होता आणि मीच बटण दाबून तो बंद केला होता.

पुढच्या आठवड्यात मालकाला म्हटलं, तो जुना व्हिडिओ पानावरून काढा. नवरीनं तसं लिहून मागितलंय.

"येडी का काय तू? त्याच्यावर चार लग्नं आलीत मला."

"तिच्या लग्नाचा आहे तो. ती नको म्हणते."

"तिला काय कळतंय त्याच्यातलं," तो म्हणाला. "मुकी ती."

"मुकी नाही ती. तुम्हाला तिचे हात वाचता येत नाहीत म्हणून ती मुकी का?"

त्याच्या स्टुडिओत मी आवाज चढवायची ही पहिलीच वेळ. समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली. तो म्हणाला, "जास्त दिमाग चालवू नको. तोडायचं काम हाय तुझं, तोड." पानावर व्हिडिओ मीच चढवत असे, पासवर्ड माझ्याकडंच होता. मी मागच्या खोलीत गेले, व्हिडिओ काढून टाकला, तिच्या लग्नाच्या नव्या एडिटच्या फायली तिच्या पेनड्राइव्हवर भरल्या, डबा पिशवीत घातला आणि निघाले. तो दारात येऊन खूप काही बोलला. मी वालूरची काळीपिवळी जीप धरली. वालूर येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होते, आणि तो राग होता, भीती नव्हती, हे मला तेव्हाही स्पष्ट कळत होतं.

काढून काही उपयोग झाला नाही. लोकांनी तो आधीच उतरवून घेतला होता. आजही तो कुणाकुणाच्या फोनवरून फिरतो, खाली नवी नवी रडकी वाक्यं चिकटवून.

आता मी घरूनच काम करते. माळवदाच्या खोलीत कॉम्प्युटर, वीज गेली की इन्व्हर्टर. लग्नांना मी स्वतः जाते, कॅमेरा घेऊन उभी राहते, मुलीचा बाप बोलायला लागला की माइक जवळ नेते. गिऱ्हाइकं निम्मी पळतात. परवाच एकानं विचारलं, तीस सेकंदांत सगळं लग्न बसवून देता का. मी म्हटलं, तीस सेकंदांत तुमची आई एक वाक्य बोलते, तेवढंच देईन. तो सेलूला गेला. त्याच स्टुडिओत गेला असणार.

तिचं लग्न मी एक्कावन्न मिनिटांचं केलं. जिथं कुणी कानानं ऐकणारं बोलतं तिथं खरा आवाज, बाकी शांतता. खाली मराठीत ओळी, तिनं लिहून दिलेल्या, मालकाला मारायच्या चापटीसकट. हात धरलेला तो शॉट ती काढ म्हणेल असं वाटलं होतं, पण तिनं तो पुरा ठेवायला लावला. परभणीत तिच्या सासरी सगळ्या मित्रमंडळींनी एका दुपारी तो बघितला म्हणे. मी इकडं फोन हातात धरून बसले होते. सहा वर्षांच्या सवयीनं मला वाटत होतं, आता कौतुक येणार.

आल्या त्या तीन चुका. बाराव्या मिनिटाला कट उशिरा. एकतिसाव्याला नवऱ्याचा अर्धा शब्द गेला. चव्वेचाळिसाव्याला मैत्रिणीकडं फार लवकर गेलीस. बाकी एक अक्षर नाही. इतकी चिडले मी. नोकरी गेली, महिनाभर खपले, आणि ही बाई चुका मोजते. अंगणात चार फेऱ्या मारल्या, आईवर विनाकारण खेकसले. मग आत जाऊन फाइल उघडली. बारावं मिनिट, कट खरंच उशिरा होता. एकतिसावं, तिचं बरोबर होतं. दोन्ही दुरुस्त केले. चव्वेचाळिसावं मी सात-आठ वेळा चालवून बघितलं, आवाज बंद करून, मग थोडं मागं जाऊन पुन्हा. आणि तिला लिहिलं: हा मी बदलणार नाही. तुझी मैत्रीण आधीच हसली होती. नीट बघ.

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं: बघितलं. तुझं बरोबर.